तीनशे बारा रेघा

बायको जाऊन पाच महिने झाले, तेव्हा एके दिवशी सकाळी मेहुणा दुकानात आला. समोर खुर्ची होती, तरी बसला नाही. ती त्याच्या बहिणीची खुर्ची होती.

"भावजी, महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवा," तो उभ्यानेच म्हणाला. "एक प्रकारचं गिऱ्हाईक धरा आणि त्यालाच चिकटा. जमलं तर खोली तुमचीच आहे. नाही जमलं तर मला ती माल ठेवायला लागेल. आणि तुम्ही गोदामात या. फोन घ्यायला मला माणूस हवाच आहे."

"फोनवर काय बोलायचं असतं?"

"लोक विचारतात, माल निघाला का? निघाला असेल तर निघाला म्हणायचं."

"आणि नसेल निघाला तर?"

"तरी निघालाच म्हणायचं."

दोघेही थोडे हसले. मग मेहुण्याने खुर्चीकडे पाहिलं आणि तो निघून गेला. माणूस वाईट नव्हता. खोली त्याचीच होती आणि तीन वर्षं त्याने ती ताईच्या शब्दाखातर सोडली होती. आता शब्द टाकायला ताई नव्हती.

खोलीत दोन टेबलं, दोन संगणक, दुकानाचा एक मोबाइल आणि भिंतीला एक पांढरा फळा होता. धंदा ऑटोमेशनचा. म्हणजे जे काम माणूस रोज तेच तेच करून कंटाळतो, ते मशीनकडून करून घ्यायचं. गाडी शिकवणाऱ्याच्या शिकाऊंना 'उद्या सात वाजता या' असा मेसेज आपोआप जावा, पाण्याच्या फिल्टरची मुदत संपली की घरमालकाला आठवण जावी, असली कामं. तो स्वतः पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. एक्स्चेंज बंद झालं आणि हाती कला असलेला माणूस उपाशी मरत नाही म्हणतात ते तितकंसं खरं नाही, हे त्याला लवकरच कळलं. बायको एका मोठ्या कचेरीत चौकशीच्या खिडकीवर होती. तिथे बावीस वर्षं काढल्यावर एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "मिस्तरी, आज मी हिशेब केला. 'दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे' हे वाक्य मी आयुष्यात तीन लाख वेळा तरी बोलले असेन. ते एखाद्या डब्याने बोललं असतं तर मी काय काय केलं असतं!"

"काय केलं असतंस?"

"झोपले असते."

ती त्याला मिस्तरी म्हणायची. तो तिला मुकादम म्हणायचा. मशीन जुळवायचं काम त्याचं, आणि ते कुणाला विकायचं हे ठरवायचं काम तिचं. पण तीन वर्षांत अकरा गिऱ्हाइकं झाली ती अकरा धंद्यांतली. जनावरांचा डॉक्टर वेगळा, कपडे धुणारा वेगळा, शिकवणीवाला वेगळा. प्रत्येकाचं सगळं नव्याने बांधायचं, मोडलं की नव्याने शोधायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. दोघांनाही कळत होतं, की एकच धंदा धरायचा, त्याच्यासाठी एकदाच नीट बांधायचं आणि तेच चाळीस जणांना विकायचं, तरच यात काही राहील. प्रश्न एवढाच होता, की धंदा कोणता?

त्यासाठी तिची स्वतःची एक रीत होती. ती पुस्तकातून किंवा इंटरनेटवरून काही शोधायची नाही. निळ्या पुठ्ठ्याची एक वही घ्यायची आणि ज्या धंद्याचा विचार असेल तिथे गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन दिवसभर बसायची. लोकांना वाटायचं, बाई शब्दकोडं सोडवतेय. ती वाक्य मोजत असायची. तिथे सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, ते पानावर वर लिहायचं आणि ते कानावर पडलं की खाली एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. चाळिसाच्या वर रेघा गेल्या तर तिथे मशीनला काम आहे. मग पानाच्या तळाशी ती निकाल द्यायची. धंदा जमण्यासारखा असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली.

पुठ्ठ्याच्या आत तिने एक नियम लिहून ठेवला होता: 'वैताग कुणाला आणि पैसे कुणाकडे? दोन्ही एकाच माणसाकडे असतील तरच धंदा.'

मेहुणा गेल्यावर त्याने वही काढली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. अक्षर बघवेना म्हणून त्याने आधी फक्त आकडे बघितले.

कपडे धुणाऱ्याच्या पानावर एकतीस रेघा होत्या, फुली. गाडी शिकवणाऱ्याच्या तेवीस, फुली. चष्म्याच्या दुकानाच्या चव्वेचाळीस आणि बरोबरची खूण. तो दुसऱ्याच दिवशी चष्म्याच्या दुकानांच्या मागे लागला. आठ दुकानं फिरला. सहा जणांकडे भाचा किंवा पुतण्या होता, जो हे सगळं फुकटात करून देणार होता. सातव्याने त्याला बसवून घेतलं, चहा दिला, सगळं ऐकलं आणि त्याच्याच गळ्यात एक चष्मा मारला. आठव्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याबरोबर मागे एक बाई यायच्या ना? त्यांना पाठवा. त्यांचं बोलणं समजायचं." तो हो म्हणाला आणि बाहेर पडला. नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं.

महिना अर्धा सरला. फळ्यावर त्याने धंद्यांची यादी केली होती, ती रोज वरून पुसत आणली. अशा एका दुपारी वही चाळताना शेवटचं भरलेलं पान उघडलं आणि तो थांबला.

रक्त-लघवी तपासायच्या लॅबचं पान. वर वाक्य होतं, 'माझा रिपोर्ट आला का?' खाली एक नाही, सहा तारखा होत्या. पाच, आठ, बारा, पंधरा, एकोणीस आणि तेवीस. प्रत्येक तारखेपुढे रेघांचे गठ्ठे. त्याने मोजल्या. एकोणपन्नास, पंचावन्न, एकसष्ट, सत्तेचाळीस, अठ्ठावन्न, बेचाळीस. एकूण तीनशे बारा.

दुसऱ्या कुठल्याच धंद्याला तिने एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिला नव्हता. इथे सहा दिवस दिले होते. तळाशी मात्र निकाल नव्हता, खूणही नाही आणि फुलीही नाही.

त्याला ते दिवस आठवले. ती दुकानात नसायची. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, "लॅबमध्ये. मोजायला." चौथ्या वेळी तो वैतागला होता. "अगं, एका जागेला एक दिवस पुरतो. तिथे नोकरीला लागलीस की काय? इथे फोन कोण घेणार?"

"नीट मोजून घेतेय, मिस्तरी. चुकायला नको," ती म्हणाली होती.

मग तिचं आजारपणच आलं. निकाल लिहायचा राहून गेला असणार. त्याने मनाशी जुळवलं, की तिला खात्री पटली होती. मुकादम सहा सहा दिवस कुठे उगाच बसणार नाही. आपण सगळीकडे वणवण केली आणि धंदा आपल्या टेबलाच्या खणात पडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. त्याने मेहुण्याला फोन केला. "सापडलं," तो म्हणाला. "लॅब. तुझ्या ताईनेच सहा दिवस तिथे बसून ठरवून ठेवलं होतं."

"ताईने ठरवलं असेल तर प्रश्नच मिटला," मेहुणा म्हणाला, आणि त्याचाही आवाज जरा बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या लॅबमध्ये गेला. मालकाला भेटण्याआधी तिच्यासारखंच थोडा वेळ बसावं असं त्याने ठरवलं. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, समोर काच, काचेला अर्धगोल भोक आणि आत काउंटरवाली बाई. तिच्यामागे लाकडी कप्पे आणि कप्प्यांत पाकिटं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, वही उघडली. अर्ध्या तासात नऊ रेघा झाल्या. वाक्य खरंच तेच होतं. म्हातारे विचारत होते, पोरीबाळी विचारत होत्या. एक माणूस तर काचेपर्यंत पोचायच्या आधीच दारातून ओरडला, "आला का हो?"

"तुमचं नाव तरी सांगा, मग आला की गेला ते सांगते," काउंटरवाली म्हणाली. लोक हसले.

गर्दी जरा ओसरली तशी तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. ती त्याच्याकडे नाही, वहीकडे बघत होती.

"काका, ही वही तुमच्याकडे कशी?"

तो उठून काचेपाशी गेला. "का? ओळखता तुम्ही?"

"निळी वही, वर रबर. त्या काकूंची ना? त्याच खुर्चीत बसायच्या. शब्दकोडं सोडवायच्या."

"माझी बायको. शब्दकोडं नव्हतं ते. ती मोजत होती. आमच्या धंद्याचं काम होतं."

"धंद्याचं?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "बऱ्या आहेत का काकू?"

"नाही. गेली. पाच महिने झाले."

तिने काचेच्या भोकाशी 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावली, बाजूच्या दारातून बाहेर आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काका, त्यांचा स्वतःचा रिपोर्ट होता इथे," ती म्हणाली.

"नाही. ती बसायला यायची. मोजायला."

"पावती मीच फाडली होती त्यांची. मोठ्या तपासणीचा, मोठ्या पाकिटातला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिला. आम्ही कुणाला हाका मारायच्या नाहीत असा नियम आहे. विचारील त्यालाच द्यायचा. पण पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा मीच म्हटलं, काकू, तुमचा तयार आहे, देऊ का? तर म्हणाल्या, असू दे, घाई नाही, मी आज दुसऱ्या कामाला आलेय."

"दुसऱ्या कामाला."

"हो. परत आल्या तेव्हा मी परत म्हटलं. तर मलाच विचारायला लागल्या, दिवसाला किती जणांना सांगता हो हे? घसा दुखत नाही का? मला हसू आलं. तिसऱ्या वेळेपासून मी विचारणं सोडलं. मला वाटलं, घरचं कुणी बरोबर यायचं असेल, त्याची वाट बघत असतील."

त्याने वहीचं पान तिच्यासमोर धरलं. "या सहा दिवसांपैकी तो दिला कधी?"

तिने सहाव्या तारखेवर बोट ठेवलं. "शेवटच्या दिवशी. संध्याकाळ होत आली होती. त्या उठल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या, सगळ्यांसारख्या. पुढे दोन माणसं होती. मी म्हटलं, काकू, तुम्ही कशाला रांगेत? तर नंबर येईपर्यंत थांबल्या आणि काचेशी येऊन विचारलं, माझा रिपोर्ट आला का? मी पाकीट दिलं. मग त्यांनी वही काढली, एक रेघ मारली आणि गेल्या."

कुणीतरी काचेवर टकटक केलं. बाई उठली. जाता जाता थांबून म्हणाली, "मला तेव्हा कळायला हवं होतं, काका."

तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार? मी तर घरातला होतो."

घरी जाऊन त्याने कपाटातून तिची फाईल काढली. दवाखान्याचे सगळे कागद त्याने तारखेप्रमाणे लावले होते, पण सगळ्यात खाली असलेल्या लॅबच्या रिपोर्टवरची तारीख त्याने कधी वाचली नव्हती. त्या दिवशी तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि "आज मिळालं" म्हणाली, तेव्हा त्याने फक्त मधला एक शब्द वाचला होता. त्यानंतर त्या कागदावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता त्याने तारीख वाचली. चार. आणि तिने तो आणला तेवीसला. एकोणीस दिवस.

पुढे मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, "थोडं आधी यायला हवं होतं." त्याने विचारलं होतं, थोडं म्हणजे किती? डॉक्टरने खांदे उडवले होते. एकोणीस दिवसांनी काही फरक पडला असता की नाही, हे त्याला आता कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टरलाही नाही. कदाचित काहीच पडला नसता. ते जास्त बरं की वाईट, हेही त्याला ठरवता येईना.

फाईलमध्ये पावती होती. नाव तिचं. खाली टेलिफोन नंबर. तो नंबर दुकानाचा होता. तिला सवयच होती, कुठेही नंबर विचारला की दुकानाचा द्यायचा. म्हणायची, तेवढीच जाहिरात.

पावती हातात धरून तो बराच वेळ बसला. त्या लॅबमध्ये त्यांचं मशीन असतं, तर चार तारखेला संध्याकाळी दुकानाच्या फोनवर मेसेज आला असता, 'आपला रिपोर्ट तयार आहे.' ती कुठेही असती, तरी दुकानातला फोन त्याच्या हातात असता. तिने विचारण्याची गरजच पडली नसती. नेमका असलाच धंदा त्यांच्या घरात होता आणि तो तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

दोन दिवसांनी तो लॅबच्या मालकाला भेटला. आता त्याला खोली वाचवायची होतीच, पण त्याहून जास्त त्याला ते मशीन तिथे लावायचं होतं. त्याच काचेमागे, त्याच कप्प्यांना. फुकट लावायला सांगितलं असतं तरी त्याने लावलं असतं, पण फुकट म्हटलं की माणसं संशय घेतात हे मुकादमने त्याला शिकवलं होतं.

मालक डॉक्टर होता, पांढऱ्या केसांचा, बोलायला गोड. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"छान आहे," तो म्हणाला. "रोज किती जण विचारायला येतात म्हणालात?"

"पन्नासच्या वर. आम्ही सहा दिवस मोजलेत."

"बरोबर मोजलंत. आता मी सांगतो. त्या पन्नासातले दहा-बारा जण इथवर आल्यावर म्हणतात, आलोच आहोत तर साखर बघून घ्या, आलोच आहोत तर हिचं थायरॉइड बघून घ्या. तुमचा मेसेज गेला की ते घरी बसून रिपोर्ट वाचणार. मग माझी साखर कोण तपासणार?" तो हसला. "तुम्ही भले माणूस आहात, पण माझ्याच पायावर पाडायचा धोंडा मला विकताय."

"पण लोकांना त्रास होतो, डॉक्टर."

"त्यांना होतो. मला होत नाही."

पुठ्ठ्याच्या आतला नियम त्याला आठवला. वैताग कुणाला आणि पैसे कुणाकडे? मुकादमला हे पहिल्याच दिवशी तासाभरात कळलं असणार. तरी ती आणखी पाचदा येऊन बसली होती.

तो तरी उठला नाही. "एखाद्याचा रिपोर्ट पडून राहिला तर?" त्याने विचारलं.

"इतक्या वर्षांत एकही पडून राहिलेला नाही. येतातच न्यायला."

"एक एकोणीस दिवस राहिला होता."

"असेल. पण शेवटी नेला ना?"

त्याच्याजवळ बोलण्यासारखं खूप होतं. दोन दिवस त्याने ते मनात जुळवलं होतं. पण समोरच्या माणसाने विचारलेला प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तरही सरळ होतं.

"नेला," तो म्हणाला.

बाहेर पडताना काउंटरवालीने काचेतून भुवया उंचावून विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. तिच्यासमोर चार माणसं उभी होती, चौघांचंही वाक्य एकच होतं.

दुकानात येऊन त्याने मेहुण्याला फोन लावला.

"काय म्हणाले लॅबवाले?"

"नाही म्हणाले."

"मग ताईने सहा सहा दिवस काय बघितलं तिथे?"

त्याला सांगता आलं असतं. धाकटा भाऊ होता, त्याला कळायला हवं होतं. पण मग त्यालाही रोज एकोणीस दिवस मोजत बसावं लागलं असतं. घरात एक जण मोजणारा पुरे.

"तिचा अंदाज चुकला," तो म्हणाला. "माणूस आहे, चुकतं. खोली घे तू. मी सोमवारपासून येतो."

पलीकडून मेहुणा म्हणाला, "ताई कधी चुकायची नाही, भावजी."

"या वेळी चुकली."

तिच्याबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि तेही तिला कमीपणा येईल असं.

उरलेल्या गिऱ्हाइकांना त्याने एकेक करून कळवलं. कुणीही फारसा आग्रह केला नाही. जनावरांचा डॉक्टर तेवढा म्हणाला, "अरेरे." संगणक बंद करायच्या आधी त्याने वहीतलं शेवटचं पान उघडलं. तेवीस तारखेपुढे पाचाचे आठ गठ्ठे आणि दोन सुट्या रेघा होत्या. त्यातली शेवटची तिची. ती इतरांसारखीच होती, ना वाकडी, ना जास्त गडद. नीट मारलेली. त्याने पेन घेतलं, तळाशी जिथे निकाल लिहायचा असतो तिथे फुली मारली आणि वहीला रबर लावलं.

सोमवारी तो गोदामात गेला. पत्र्याच्या आडोशाला एक टेबल, त्यावर फोन. साडेनऊला पहिली घंटी वाजली.

"माल निघाला का?"

"निघाला," तो म्हणाला.

दिवसभर फोन वाजत होता. किती जणांनी विचारलं, ते त्याने मोजलं नाही.